टायर कुणाचा, रस्ता कुणाचा?

गेल्या सेमला सबमिशन संपलं त्या रात्री आमच्या विंगमध्ये मायकल मानचा 'फेरारी' हा २०२३ चा पिक्चर लावला होता. एका खोलीत चौदा जण, दोन कॉट जोडून केलेलं बाल्कनीचं तिकीट आणि मध्ये फरसाणाचं एक पाकीट. गाड्यांचे आवाज आले की पब्लिक खूश. शेवटाकडे तो अपघाताचा सीन आला आणि खोली एकदम गप्प झाली. ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. ज्यांनी नाही पाहिला त्यांनी जेवण झाल्यावर बघू नये.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्याचीच चर्चा. तेव्हा माझा रूम पार्टनर म्हणाला, "काही म्हण, पण तो पोर्तागो राजासारखा जगला आणि राजासारखा गेला." टेबलावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग खोलीवर आलो आणि ते वाक्य काही केल्या पचेना. म्हणून हा लेख. मॅगझिनच्या संपादकांनी 'काहीतरी टेक्निकल दे' असं सांगितलं होतं. थोडं टेक्निकलही आहे, काळजी नसावी.

हा माणूस कोण ते आधी सांगतो. आल्फोन्सो दे पोर्तागो. जन्म १९२८, लंडनचा. वडील स्पेनमधले मार्क्विस, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मोठे जहागीरदार. आई आयरिश आणि पैशानं गडगंज. स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो हा त्याचा धर्मपिता, नावही त्याचंच ठेवलेलं. सतरा वर्षांचा असताना पैजेपोटी त्यानं पुलाखालून विमान नेलं असं सांगतात. घोड्यांच्या शर्यतीत स्वतः जॉकी म्हणून उतरायचा. मग बर्फावरची बॉबस्लेड धरली आणि १९५६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोघांच्या स्लेडमध्ये चौथा आला. पदक हुकलं ते सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी फरकानं. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ब्राँझ घेतलं. आपण एक प्रॅक्टिकल धड वेळेत संपवत नाही.

गाड्यांकडे तो वळला १९५३ मध्ये, मेक्सिकोतल्या कारेरा पानामेरिकाना शर्यतीत लुइजी किनेत्तीच्या शेजारी बसून. नंतर सरळ एक फेरारी विकत घेतली. १९५४ ला ब्युनॉस आयरिसच्या हजार किलोमीटरच्या शर्यतीत हॅरी शेलबरोबर दुसरा आला, आणि तेव्हा आपल्याला गिअर नीट बदलता येत नव्हते हे त्यानं स्वतःच नंतर सांगितलं होतं! बहुतेक वेळ शेलनंच गाडी चालवली. म्हणजे सुरुवात पैशाच्या जोरावर, हे उघड आहे. पण हेही खरं की तो शिकला, आणि फार झपाट्यानं शिकला. १९५५ ला सिल्व्हरस्टोनवर पाय मोडून घेतला, तरी परत आला. १९५६ ला फेरारीच्या संघात जागा मिळवली. त्याच वर्षी ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये मध्येच आपली चालती गाडी पीटर कॉलिन्सला दिली आणि दोघांच्या नावावर मिळून दुसरा क्रमांक लागला. संघानं मागितली आणि दिली. आजच्या फॉर्म्युला वनमध्ये असं कुणी गाडीतून उतरून दाखवावं.

त्यामुळे माझा रूम पार्टनर अगदीच चूक बोलत नव्हता. दाढी न केलेला, केस वाढलेला, काळं लेदर जाकीट घातलेला, सिगारेट ओढणारा हा मार्क्विस कुणालाही आवडेल असाच होता. मलाही आवडतो. अडचण १२ मे १९५७ ची आहे.

त्या दिवशी मिल्ले मिल्या होती. इटलीतल्या ब्रेशियाहून निघायचं, रोमला वळसा घालून परत ब्रेशियाला यायचं. हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर, आणि तेही साध्या सार्वजनिक रस्त्यांवरून. गावांमधून, चौकांमधून, शेतांच्या कडेनं. लाखो लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे, मध्ये ना भिंत ना कुंपण. गाडीवर नंबर टाकायचे ते सुटायच्या वेळेचे. पोर्तागोचा नंबर ५३१, म्हणजे पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी सुटला. गाडी फेरारी ३३५ एस, चार लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन. शेजारी मित्र एडमंड नेल्सन. हा नेल्सन पूर्वी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉटेलात लिफ्ट चालवायचा, तिथं त्यांची ओळख झालेली. जहागीरदार आणि लिफ्टमन अशी जोडी.

खरं तर पोर्तागोला या शर्यतीत उतरायची फारशी इच्छा नव्हती. एवढा लांब रस्ता, वळणं पाठ होणं शक्यच नाही. लुइजी मुस्सो आजारी पडला म्हणून त्याची जागा याला मिळाली. रोमला थांबला तेव्हा लिंडा ख्रिश्चन या नटीनं गाडीशी येऊन त्याचं चुंबन घेतलं. तो फोटो जगभर गाजला, 'मृत्यूचं चुंबन' म्हणून. पुढं शेवटच्या टप्प्यात एका थांब्यावर गाडीचा पत्रा टायरला घासतोय असं मेकॅनिकांच्या लक्षात आलं, पण टायर बदलण्यात वेळ न घालवता तो निघाला, असं त्या दिवसाच्या वर्णनांत येतं. ब्रेशिया जवळ आलं होतं. ग्विदित्सोलो गावाजवळच्या सरळ रस्त्यावर ताशी सुमारे २४० किलोमीटरच्या वेगात पुढचा डावा टायर फुटला. गाडी रस्ता सोडून लोकांत शिरली. पोर्तागो आणि नेल्सन जागीच गेले. बघायला उभे असलेले नऊ जण गेले. त्यातली पाच मुलं होती.

आता थोडं टेक्निकल. २४० म्हणजे सेकंदाला जवळजवळ ६७ मीटर. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर धरा आणि फर्स्ट इयरचं सूत्र लावा, व्ही स्क्वेअर बाय आर. टायरच्या बाहेरच्या कडेला गुरुत्वाकर्षणाच्या तेराशे पटींहून जास्त त्वरण येतं. तिथलं शंभर ग्रॅम रबर सव्वाशे किलोहून जास्त ओढीनं सुटायला बघत असतं, आणि ते धरून ठेवायला फक्त खालचे दोरे आणि चिकटवण. वरून टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, सुटतो, तापतो. वेग दुप्पट केला की ओढ चौपट. अशा टायरला एखादी चीर पडली, पत्रा घासला किंवा रस्त्यातली उंच वस्तू लागली, तर तो 'कदाचित फुटेल' असं नसतं. तो फुटायची वेळ ठरवत असतो.

नंतर खटला झाला. एन्झो फेरारी आरोपी. त्या वेगाला न झेपणारे टायर लावले असा आरोप होता, टायर एंगलबर्ट कंपनीचे. चार वर्षं चाललं आणि १९६१ मध्ये सगळे सुटले. रस्त्याच्या मधल्या कॅट-आयवर टायर फाटला असं कारण पुढं आलं. म्हणजे दोष कुणाचा? ड्रायव्हर मेलेला. मालक निर्दोष. टायरवाले निर्दोष. रस्ता सरकारचा आणि शर्यत क्लबची. उरला तो कॅट-आय. आपल्याकडे प्रोजेक्टचं मॉडेल डेमोच्या दिवशी जळतं तेव्हाही शेवटी दोष एखाद्या दहा रुपयांच्या रेझिस्टरवर जातो. (आमच्या गाइड सरांनी हे वाक्य मनावर घेऊ नये.)

मिल्ले मिल्या मात्र त्यानंतर बंद झाली. इटलीनं सार्वजनिक रस्त्यांवरच्या अशा शर्यतींवर बंदी घातली. आज त्या नावानं जुन्या गाड्यांची फेरी निघते, पण ती वेगाची शर्यत नाही. तरी गोष्ट तिथं संपत नाही. त्या दिवशी पिएरो तारुफी जिंकला आणि दुसरा आला वोल्फगांग फॉन ट्रिप्स, हाही खानदानी, जर्मन काउंट. १९६१ च्या सप्टेंबरात, मोंझाच्या शर्यतीत, जगज्जेतेपद हाताशी आलेलं असताना त्याची फेरारी दुसऱ्या गाडीला लागून प्रेक्षकांच्या कुंपणावर चढली. तो गेला आणि पंधरा प्रेक्षक गेले. मोंझा तर बंदिस्त ट्रॅक होता. म्हणजे चार वर्षांत फक्त रस्ता बदलला होता.

यावर आमच्या विंगमध्ये रात्री दोनपर्यंत वाद झाला. एक मुद्दा असा आला की, लोक आपल्या पायांनी आले होते, धोका त्यांनाही माहीत होता. मोठ्यांबद्दल हे मी अर्धं मान्य करतो. पण वडिलांचा हात धरून आलेल्या पोरानं कुठला धोका पत्करला? त्याला टायरबद्दल कुणी विचारलं होतं? पोर्तागोनं आपल्या जिवाचा जुगार खेळला, तो त्याचा हक्क. शेजारी नेल्सन होता, तोही समजून उमजून बसलेला. पण त्या थांब्यावर वाचवलेली दोन मिनिटं ज्यांच्या हिशेबातून गेली ते त्या गाडीत नव्हतेच. मार्क्विसचा नावाचा लांबलचक पट्टा नेटवर सापडतो, चुंबनाचा फोटो सापडतो. त्या नऊ जणांचं गावाजवळ एक स्मारक आहे. पिक्चर बघून 'राजासारखा गेला' म्हणणाऱ्या आम्हा चौदा जणांपैकी एकालाही त्यातलं एक नाव सांगता आलं नाही.

हे सगळं मी शहाणपणानं लिहितोय असं वाटत असेल तर माझंही ऐका. सेकंड इयरला पावसाळ्यात आम्ही चार बाइकवर वरंधा घाटात गेलो होतो. माझा मागचा टायर पार गोटा झालेला. गेटसमोरच्या पंक्चरवाल्या काकांनी आधीच्या आठवड्यात सांगितलं होतं, "दादा, नवीन टाकून घ्या." मी म्हटलं, "काका, सेमिस्टर संपू द्या." परतताना एका फाट्यावर ओल्या रस्त्यात ब्रेक मारला आणि गाडी आडवी झाली. मी एकीकडे, गाडी दुसरीकडे. ती घसरत गेली ती थेट एसटीची वाट बघणाऱ्या शाळेच्या मुलींच्या दिशेनं. दगडाला अडून थांबली. मधे दोन हात अंतर असेल. एकीच्या हातातून डबा पडला आणि पोळी भाजी चिखलात गेली. ती रडली नाही, ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

हॉस्टेलवर आल्यावर हा किस्सा मी वर्षभर सांगितला. कोपर कसं सोलपटलं, गाडी कशी फिरली, मी कसा उठून उभा राहिलो. डब्याचं मी कधीच सांगितलं नाही. पिक्चर बघितल्यावर पहिल्यांदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी घाटातून आल्या आल्या टायर बदलला होता, तेवढं मात्र केलं. काकांनी जुना टायर काढला, आतून अंगठा दाबला, तर बाहेर दोरे दिसले. "हा घेऊन वरंध्याला गेलता?" एवढंच विचारलं. मी खाली बघून पैसे मोजले.