'तिकडं कदर आहे' म्हणणाऱ्या मित्रांसाठी

मित्रहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय अंगठा दाबू नका, ही नम्र विनंती.

परवा इटलीतल्या क्रेमोना गावाचे चार फोटो टाकले. त्याखाली काय काय आलं बघा. "याला म्हणतात कदर!" "आपल्याकडं कलेला किंमतच नाही." "साहेब, त्या लोकांच्या रक्तातच असतंय ते." पहिल्या दोन वाक्यांची सवय आहे. तिसऱ्यानं मात्र डोकं फिरलं, कारण त्या गावात दिवसभर मी जे बघितलं ते याच्या बरोबर उलटं होतं.

भाचा मिलानला नोकरीला आहे. ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडं गेलो होतो. त्यानं रोम, व्हेनिस, पिसाचा मनोरा असा सगळा बेत आखून ठेवलेला. मी म्हटलं, एक दिवस क्रेमोना. "मामा, तिथं काय आहे?" "व्हायोलिन." "ते यूट्यूबवर पण आहे की." पण आला बिचारा. मिलानहून साध्या पॅसेंजरनं तासा-सव्वातासाचा रस्ता. दोन्ही बाजूंना मक्याची रानं, गाईंचे गोठे, सपाट मुलूख. पो नदीच्या काठचं हे गाव, वस्ती 70 हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी तालुक्याच्या गावाएवढंच. राजधानी नाही, बंदर नाही.

आज आपण ज्याला व्हायोलिन म्हणतो त्याला हा आकार सोळाव्या शतकात इथं आंद्रेआ अमाती नावाच्या माणसाच्या हातानं आला. फ्रान्सच्या राजाच्या दरबारासाठी यानं वाद्यं बनवली. मुलगे, नातू त्याच धंद्यात. 1630 ला प्लेग आला आणि घरातला कर्ता कारागीर गेला. नातू निकोलो एकटा उरला. तोपर्यंत विद्या घराबाहेर जात नव्हती. आता हाताखाली माणूस हवा म्हणून निकोलोनं बाहेरची पोरं शिकायला ठेवली. त्यातून ग्वार्नेरी घराणं उभं राहिलं, आणि स्त्रादिवारीसुद्धा याच वळणाचा. म्हणजे जे 'रक्तातच असतंय' म्हणतात, ते रक्ताबाहेर गेलं तेव्हा फुललं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

अंतोनिओ स्त्रादिवारी 1737 साली वारला, नव्वदी ओलांडून. हयातभर वाद्यं बनवली. हजाराच्या वर बनवली असावीत, त्यातली साडेसहाशेच्या आसपास आज शिल्लक धरतात. गरीब, उपेक्षित कलावंत वगैरे अजिबात नव्हता. गावात 'स्त्रादिवारीसारखा श्रीमंत' अशी म्हण पडली होती म्हणे. हिशोबीही असणार, कारण 1729 ला स्वतःसाठी कबर घेतली ती दुसऱ्या घराण्याची वापरातली, दगडावरचं जुनं नाव खोडून.

आता या माणसाचं त्याच्या गावानं काय केलं ते ऐका.

पोरगा पावलो कापडाचा व्यापारी. बापाची उरलेली व्हायोलिनं, साचे, नमुने, हत्यारं हे सगळं त्यानं 1775-76 च्या सुमारास कोझिओ नावाच्या एका सरदाराला विकायला काढलं. त्याच्या पत्रव्यवहारात तर अशी अट दिसते की हा माल क्रेमोनात राहता कामा नये! सख्ख्या मुलाची ही कदर. गावातली जुनी परंपरा हळूहळू विझत गेली, चेरुती घराण्यातला शेवटचा कारागीर 1883 ला गेला आणि तो धागाही तुटला. त्याआधीच, 1869 मध्ये, सान दोमेनिको हे चर्च पाडून जागा मोकळी केली. त्याच चर्चमध्ये स्त्रादिवारीची कबर होती. कबर गेली. तिथं बाग झाली. मी त्या बागेत उभा राहिलो. एक दगड आहे, कबरीच्या शिळेची प्रतिकृती. बाजूला बाकावर दोन म्हातारे पेपर वाचत बसलेले. बागेसमोर त्याचं घर होतं, जिथं त्यानं पन्नासावर वर्षं काम केलं. तेही पुढं पाडलं.

मोन्तेवेर्दीची तीच गत. ऑपेराचा पहिला मोठा माणूस, 1567 साली याच गावात जन्मला, बाप वैद्यकी करणारा, शिकला गावच्या कॅथेड्रलच्या संगीतप्रमुखाकडं. पण पोटासाठी मांतुआ गाठलं, मग व्हेनिस, आणि तिथंच गेला. आज क्रेमोनात त्याच्या नावानं महोत्सव होतो, हो. मेल्यावर महोत्सव करायला आपण तरी कुठं मागं आहोत?

तेव्हा रक्तात-बिक्तात काही नव्हतं. गाव तुमच्या-माझ्यासारखंच होतं. आळशी, विसराळू, आणि मोक्याची जागा दिसली की पाडापाडीला तयार.

मग बदललं कधी?

जुझेप्पे फ्योरिनी म्हणून एक व्हायोलिन बनवणारा होता. यानं 1920 मध्ये स्वतःचे पैसे घालून कोझिओच्या वारसांकडून ती हत्यारं, ते साचे विकत घेतले. नफ्यासाठी नव्हे. त्यावर शाळा निघावी, पोरांनी त्या साच्यांवरून शिकावं एवढंच त्याला हवं होतं. शेवटी 1930 साली त्यानं ते सगळं क्रेमोनाला दान दिलं आणि 1934 ला वारला. शाळा बघितली नाही. शाळा निघाली 1938 मध्ये. त्याआधीच्या वर्षी स्त्रादिवारीच्या दोनशेव्या पुण्यतिथीचा मोठा सोहळा झाला होता. तो फॅसिस्ट राजवटीनं केला, मिरवण्यासाठी केला, हेही सांगितलं पाहिजे. पण मिरवणूक संपली तरी शाळा उरली. आपल्याकडं नेमकं उलटं होतं.

ही शाळा सरकारी आहे. पोरं बाहेरची मोठ्या संख्येनं, जपान-कोरियापासूनची. 'आमच्या मातीची कला परक्यांना कशाला' असं म्हणत बसले असते तर शाळेला कुलूप लागलं असतं. ती पोरं शिकली, काही तिथंच राहिली, दुकानं थाटली. आज त्या एवढ्याशा गावात व्हायोलिन बनवणाऱ्यांची दीडशेच्या आसपास दुकानं आहेत. 2012 मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून नोंद केली ती कुठल्या इमारतीची नाही, वस्तूची नाही. हातानं व्हायोलिन बनवण्याच्या कसबाची.

तिथली गल्ली चालताना हे कानाला कळतं. डोळ्यांना गाव साधंच आहे. चौकात 112 मीटरचा घंटेचा मनोरा आहे, त्याचे फोटो सगळेच काढतात. पण बाजूच्या बोळात शिरलात की तळमजल्याच्या खिडकीतून खर्र-खर्र असा बारीक आवाज येतो. लाकडावर पातं फिरतंय. मॅपलच्या पाठीवरून कागदासारखी कात निघते. एका दुकानात आम्ही डोकावलो तर मालक उठला नाही, मान हलवून 'या' म्हणाला आणि पुन्हा कामात. वरची पाटी स्प्रूसची, डोंगरातलं लाकूड. त्यानं ती पाटी दोन बोटांत धरून टिचकी मारली, कानाशी नेली, पुन्हा थोडी तासली, पुन्हा टिचकी. भाचा मोबाइल काढून उभा होता, त्यानं तो आपोआप खिशात ठेवला. आपल्या घरातला पोरगा पाच मिनिटं काही न बोलता उभा राहिला, ही मी त्या प्रवासातली मोठी घटना मानतो.

संग्रहालय 2013 चं आहे. पैसा गावच्या एका पोलादवाल्या उद्योगपतीच्या प्रतिष्ठानानं ओतलाय. तिकीट आपल्या खिशाला महाग आहे, सांगून ठेवतो. काचेआड अमाती आहे, ग्वार्नेरी आहे. 1715 सालचं 'क्रेमोनेझे' नावाचं स्त्रादिवारी आहे. ते पर्यटन खात्यानं 1961 मध्ये विकत आणलं. हो, विकत! स्वतःच्या गावात बनलेलं वाद्य गावाला पैसे मोजून परत आणावं लागलं. आणि फ्योरिनीनं दिलेल्या वस्तू, 700 हून जास्त नग. लाकडी साचे, कागदी नमुने, त्यावर स्त्रादिवारीच्या हातच्या खुणा. खरं सांगतो, व्हायोलिनांपेक्षा मी तिथं जास्त वेळ थांबलो. मुलानं जे भंगारासारखं विकलं होतं ते हे.

ही जुनी वाद्यं नुसती ठेवलेली नाहीत. ठरलेल्या दिवशी वादक येतो आणि संग्रहालयाच्याच सभागृहात त्यातलं एखादं वाजवतो. वाद्य वाजतं राहिलं तरच जिवंत राहतं, हा तिथला शिरस्ता. आम्हाला ते मिळालं. मी काही संगीतातला जाणकार नाही. अंगावर काटा आला, एवढंच लिहितो.

पण त्याच वेळी हेही माहीत करून घ्या. 2012 साली पॅरिसजवळ एक चाचणी झाली होती. दहा नामवंत वादक, डोळ्यांवर काळे चष्मे, सहा जुनी इटालियन वाद्यं आणि सहा नवी. बहुतेकांनी नवं वाद्य पसंत केलं. जुन्या वार्निशातलं गुपित, दैवी हात वगैरे कथा विकणाऱ्यांना हे आवडलं नाही. मला मात्र त्यातली मोठी बातमी वेगळीच वाटते. जिवंत माणसाच्या हातचं काम तीनशे वर्षांपूर्वीच्या कामाला टक्कर देतं. असे हात तयार करायलाच तर शाळा लागते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी ही सगळी पोस्ट लिहायला बसलो. जानेवारी 2019. या जुन्या वाद्यांचा एकेक सूर कायमचा ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. पाच आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला आठ तास. अडचण अशी की सभागृहाशेजारून गाडी गेली तरी दगडी रस्त्याची थरथर मायक्रोफोनमध्ये यायची. तेव्हा महापौरांनी आजूबाजूचे रस्ते वाहनांना बंद केले आणि लोकांना विनंती केली की गोंगाट करू नका. सभागृहातली हवा खेळवणारी यंत्रं बंद, लिफ्ट बंद, गुणगुणणारे दिवेसुद्धा काढले. चार वाद्यांसाठी!

आता आपल्याकडं या. मिरज इथून किती लांब आहे? दीडशेहून अधिक वर्षं तिथं सतारी आणि तंबोरे बनतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हे काम उचललं, संस्थानिक पटवर्धनांनी आश्रय दिला. आजही देशभरातले गवई तंबोऱ्यासाठी मिरजेचं नाव घेतात. 2024 मध्ये सतार आणि तंबोरा दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही बातमी केली, चौकटीत, फोटोसह. पुढं काय? पुढं मीही काही केलं नाही, हे कबूल.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात विसावलेत. ते गेले 1937 मध्ये. क्रेमोनात स्त्रादिवारीची दोनशे वर्षं साजरी होत होती, ते हेच साल. त्यांच्या नावानं दर्ग्यात गाणं होतं, मोठमोठे कलाकार चिंचेच्या झाडाखाली बसून गातात. ती रात्र मी ऐकलीय. आणि गणपतीत डॉल्बीच्या भिंती लागल्यावर काय होतं, तेही तुम्ही-आम्ही दरवर्षी ऐकतोच. छातीत धडधड होते, खिडकीची काच थरथरते. जवारी काढणारा कारागीर घोडीवर कानस एक केसभर फिरवतो आणि तार छेडून ऐकतो, पुन्हा फिरवतो, पुन्हा ऐकतो. त्याच्या हातात कानस आहे, पण काम कान करतो. त्या गल्लीत शांतता मागायला आपल्यातलं कोण गेलं होतं?

'सरकारनं काहीतरी केलं पाहिजे' असं लिहायला बोटं शिवशिवतायत ना? लिहा, पण नेमकं लिहा. नाहीतर होणार काय, तर चौकात सतारीच्या आकाराची स्वागतकमान, त्यावर रात्री रंग बदलणारे दिवे, खाली अकरा जणांचे फोटो. कमानीला निधी लगेच मिळतो. शिकणाऱ्या पोराला तीन वर्षं महिना काहीतरी हातात पडावं, लाकूड वाळवून साठवायला कोरडी शेड असावी, भोपळा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळावा, म्हाताऱ्या कारागिरांचे साचे-मापं कोणीतरी मोजून उतरवून ठेवावीत, आणि हे काम शिकायला कुठल्याही जातीची, धर्माची, बाहेरगावची पोरगा-पोरगी आली तरी दार उघडं असावं, यासाठी अर्ज कोण करतंय? निकोलो अमातीला प्लेगनं दार उघडायला लावलं. आपण कशाची वाट बघतोय?

ज्या मित्रानं 'रक्तातच असतंय' लिहिलं, त्याला सांगणं: दादा, तुझ्यावर राग नाही. येत्या रविवारी मोकळा असशील तर सकाळी माझ्याबरोबर मिरजेला चल, सतारमेकर गल्लीत. गाडी बाहेरच लावू. आत शिरल्यावर हॉर्न तेवढा वाजवू नकोस, तिथं तारा जुळवायचं काम चालू असतंय.