कामापुरता मामा

दिवाळीच्या खरेदीबरोबर घरात हमीपत्रांचा एक गठ्ठा येतो. मिक्सरचे, इस्त्रीचे, पंख्याचे. ती सहसा कोणी वाचत नाही. छापील मजकूर दिसला की वाचून काढण्याची माझी मात्र मास्तरकीतली खोड आहे, म्हणून मी वाचतो. साऱ्यांचा मथितार्थ एकच : वस्तू आपल्या दोषाने बिघडली तर आम्ही आहोत, तुम्ही तिची आदळआपट केलीत तर तुमचे तुम्ही बघा. व्यवहार म्हणून हे रास्तच आहे. पण काही कारखानदारांची हमी याच्या नेमकी उलट असते. ते म्हणतात, आमची वस्तू फुटली, चेपली, संपली आणि त्यात तुमचा जीव वाचला, तर कळवा, नवी देतो.

या उलट्या हमीचे मूळपुरुष म्हणून मला लेस्ली अर्विन यांचे नाव घ्यावेसे वाटते. हे विमानातून उडी घेण्याच्या छत्र्या बनवीत. १९२२ साली अमेरिकेत हॅरोल्ड हॅरिस या वैमानिकाने मोडत्या विमानातून छत्रीच्या आधाराने उडी घेऊन जीव वाचवला. त्याच सुमारास 'कॅटरपिलर क्लब' निघाला. ज्याचा जीव आपल्या छत्रीने वाचला, त्याने पत्र लिहावे, आपण त्याला रेशीमकिड्याच्या आकाराची सोन्याची टाचणी देऊ, असे अर्विन यांनी जाहीर केले. छत्र्या तेव्हा रेशमाच्या असत, म्हणून हा किडा. अटलांटिक ओलांडणारा लिंडबर्ग तर चारदा उडी घेऊन या क्लबात मानाने बसला. छत्रीवाल्यांच्या धंद्यात एक जुना विनोदही चालत आला आहे : 'छत्री उघडली नाही तर परत आणा, बदलून देऊ!' उघडली तर मात्र कारखानदार खरोखरच पत्राची वाट पाहत असे.

टाचणी हा गौरव झाला. त्याच्या पुढची पायरी वस्तूच बदलून देण्याची. समुद्रात किंवा डोंगरात अडकलेल्या माणसाने कळ दाबली की उपग्रहामार्फत बचावपथकाला खूण पोचवणारे एक लहानसे यंत्र मिळते. आपल्या देशात अशा हाका बंगळूरच्या इस्रोच्या केंद्रात ऐकल्या जातात. ही यंत्रे बनवणाऱ्या अमेरिकेतील एसीआर इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ग्राहकांना असे वचन दिले की, खऱ्या संकटात यंत्र वापरलेत तर नवे यंत्र फुकट देऊ. मोबदल्यात तुमची हकीकत तेवढी सांगा. ट्रेक या सायकल-कंपनीनेही अशीच योजना चालवली आहे. घेतल्यापासून वर्षाच्या आत अपघातात आदळलेले हेल्मेट बदलून मिळते.

यात दानधर्म किती आणि जाहिरात किती, असा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारतीलच. जाहिरात आहेच. जीव वाचलेल्या माणसासारखा दुसरा जाहिरातदार कोठे मिळणार? पण त्याखाली दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. पहिली अशी की, संकटाच्या क्षणी माणसाच्या मनात हिशेब येतो. नावेत पाणी शिरत असतानाही माणूस स्वतःशी म्हणतो, 'एवढे काही झालेले नाही. महागाचे यंत्र उगाच कशाला खर्ची घाला?' त्या घटकेला हिशेब मनातून काढून टाकणे, हे त्या वचनाचे खरे काम. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एकदा कामाला आलेली वस्तू पुन्हा कोणाच्या डोक्यावर चढू नये, याची ती तजवीज असते.

ही दुसरी गोष्ट आपल्या मध्यमवर्गीय रक्ताला पटत नाही. आपण काटकसरीत वाढलो. थोरल्याचे दप्तर धाकट्याला, जुन्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीचे शेवटी पायपुसणे. आमच्या सिंदीत तान्ह्या पोळ्याला पोरे जे लाकडी बैल मिरवतात, त्यांतले कित्येक आजोबांच्या हातून नातवाच्या हाती आलेले असतात. ही परंपरा मला प्रिय आहे. पण जी गोष्ट लाकडी बैलाला लागू, ती हेल्मेटला लागू नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचा पुतण्या गेल्या पावसाळ्यात नागपूरच्या वाटेवर मोटारसायकलवरून पडला. डोके दगडावर आपटले; पण हेल्मेट होते, म्हणून खरचटण्यावर निभावले. आठ दिवसांनी पाहतो तो काकूंनी ते हेल्मेट धुऊन, पुसून अंगणात वाळत घातलेले.

"काकू, हे आता टाकून द्या," मी म्हणालो.

"अजी सर, काहीच नाही झालं त्याले! एक ओरखडा आहे फक्त. लहान्याले होते नं. दीड हजाराचं आहे ते."

मी हेल्मेट हातात घेऊन आतले कापड बाजूला केले. आत थर्माकोलसारख्या पदार्थाचा जाड थर असतो. सगळी करामत त्या थराची. डोके आपटले की तो चेपतो आणि चेपण्यात धक्क्याचा जोर आपल्या अंगावर घेतो. मात्र चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. तीच जागा पुन्हा आपटली तर चेपायला काही उरलेलेच नसते, आणि सगळा जोर कवटीवर येतो. वरून ओरखडाच दिसतो, हीच त्यातली फसगत. काकूंच्या हेल्मेटात दोन बोटे बसतील एवढा खळगा पडलेला होता. त्यांनी तो चाचपून पाहिला आणि पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्या खड्ड्यात आमच्या पोराचं डोकं होतं." त्या खळग्यात दीड हजार रुपये पुरेपूर वसूल झाले होते, पण धाकट्यासाठी नवे दीड हजार कोठून आणायचे, हा काकूंचा प्रश्न काही खोटा नव्हता.

मराठीत 'कामापुरता मामा' हे दूषण आहे. वर्गात शिकवताना मी ते स्वार्थी माणसाचे लक्षण म्हणूनच सांगतो. हेल्मेट मात्र खरोखरीच कामापुरता मामा आहे, आणि काम झाल्यावर त्याला निरोप देणे यात कृतघ्नता नाही.

हाच प्रश्न मोटारीत आणखी महाग होतो. अपघातात एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगते. पण ती घडी घालून परत बसवता येत नाही. नवीच घालावी लागते. आता आपला विमा काय म्हणतो ते पाहा. नेहमीच्या मोटार-विम्यात रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांच्या भरपाईतून घसारा म्हणून ५० टक्के कापतात, आणि त्याच ओळीत एअरबॅगही बसवलेली आहे! टायर रस्त्यावर झिजते. वर्षानुवर्षे घडीत निजून एकदाच उठणारी एअरबॅग कोठे झिजली? घसारा न कापणारी पुरवणी जास्त हप्ता भरून घेता येते. पण ज्याने ती घेतली नाही, त्याला जीव वाचल्यानंतर अर्धी किंमत पदरची मोजावी लागते. मग कोणी वरचे झाकण तेवढे नीट बसवून घेतो, धोक्याचा दिवा बंद करून घेतो आणि गाडी विकून टाकतो. विकत घेणारा रिकाम्या झाकणामागे विश्वासाने बसतो.

याउलट आमच्या गावाच्या नावाला जी चिकटलेली आहे, त्या रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. रुळांची पाहणी करणाऱ्या माणसाच्या झोळीत चपट्या डबीसारखे फटाके असतात. रूळ तुटलेला दिसला की तो गाडीच्या दिशेने धावतो. ६०० मीटरवर एक फटाका रुळावर बसवतो, आणि पुढे १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. इंजिनाचे चाक वरून गेले की बार उडतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. नागपूर-वर्धा मार्गावर मुंबई-हावड्याच्या गाड्या दिवसरात्र धावतात. धुक्याच्या पहाटे त्या माणसाच्या हाती तेवढेच असते. उडालेल्या फटाक्यांचा हिशेब त्याला द्यावा लागतो, किंमत नव्हे. त्याच्या झोळीत नवे फटाके येतात आणि वेळप्रसंगी बक्षीसही मिळते. फटाक्यांचे पैसे पगारातून कापले असते, तर किती पाय रुळावर क्षणभर अडखळले असते, याचा विचार करा.

रेल्वेला जे सुचले, ते आपल्याकडच्या हेल्मेटवाल्यांना आणि विमावाल्यांना का सुचू नये? हेल्मेटवर आयएसआयची खूण २०२१ पासून सक्तीची झाली, हे उत्तमच. पण ती खूण पहिल्या आपटण्यापुरती आहे. आपटलेले हेल्मेट परत घेऊन निम्म्या किमतीत नवे देण्याची रीत पडली, तरी असे अनेक खळगे धाकट्यांच्या डोक्यावरून उतरतील. मागितल्याशिवाय मात्र कोणी काही देत नाही. म्हणून या दिवाळीत हेल्मेट, गाडी, आग विझवण्याचे नळकांडे, काहीही घ्याल तेव्हा दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा : 'हे एकदा खरोखर कामाला आले, तर पुढे तुम्ही काय कराल?' पहिले दहा दुकानदार हसतील. अकरावा कदाचित कंपनीला पत्र लिहील.

तोवर घरापुरते नियम आपण पाळू शकतो. आपटलेले हेल्मेट नुसते भंगारात देऊ नका. पट्टा कापून द्या, म्हणजे दुसरा कोणी उचलून घालणार नाही. नळकांड्यातली पूड एक फवारा जरी वापरली, तरी ते भरून आणा. झडपेत पुडीचे कण अडकतात आणि उरलेला दाब हळूहळू निघून जातो. विम्याच्या नूतनीकरणाला एअरबॅगची ओळ वाचा.

काकूंनी महिन्याभराने भिशीच्या पैशातून नवे हेल्मेट आणले. जुन्याचा पट्टा त्यांनी विळीवर स्वतःच्या हाताने कापला. आणि कापण्याआधी, कोणाचे लक्ष नाहीसे पाहून, त्याला हळदीकुंकू लावले.