हौसेला मोल असतं!

रविवारी सकाळी नाशिक-सापुतारा रस्त्यावर बोरगावच्या आसपास उभं राहिलं, तर आपल्या सुरगाणा तालुक्यात एरवी न दिसणाऱ्या गाड्या दिसतात. जमिनीला पोट टेकेल इतक्या बुटक्या, दोनच माणसं बसतील अशा मोटारी. त्यांच्या मागेपुढे दहा-बारा मोठाल्या मोटारसायकली. हातगडावरून सापुताऱ्याला जायचं, फोटो काढायचे, मका खायचा आणि दुपारी परत फिरायचं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी करावी हौस, आपलं काही म्हणणं नाही. पण चहाच्या टपरीवर आपली पोरं त्या गाड्यांकडे कशी टक लावून बघतात, तेही मी बघते. आणि मग काही महिन्यांत त्यांतल्या एखाद्याच्या दाराशी दोन लाखांची स्पोर्ट्स बाइक उभी राहते. मला बोलायचंय ते तिथपासून पुढचं.

आपल्याकडे म्हण आहे, हौसेला मोल नाही. म्हण गोड आहे, पण खोटी आहे. हौसेला मोल असतं, आणि ते दर महिन्याला द्यावं लागतं. प्रश्न एवढाच, की ते कोण देतं?

मोठ्या माणसाचंच उदाहरण घ्या. आपल्या सचिन तेंडुलकरने कसोटीत २९ शतकं करून ब्रॅडमनची बरोबरी केली, तेव्हा २००२ मध्ये फियाट कंपनीने त्याला फेरारी भेट दिली. गाडी फुकटच मिळाली की! पण परदेशातून ती इथे आणायची तर आयात कर पडत होता १ कोटी १३ लाख रुपये. गाडीची किंमत सांगितली जात होती ७५ लाखांच्या आसपास. म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर महाग! २००३ मध्ये सरकारने तो कर माफ करायचं ठरवलं, तशी ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी कराचे पैसे फियाट कंपनीने भरले. पुढे २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली गेली.

अशी गाडी नुसती दारात ठेवणंही सोपं नसतं बरं का. त्या फेरारीच्या इंजिनात एक पट्टा असतो. गाडी चालवा अगर झाकून ठेवा, दर काही वर्षांनी तो बदलावाच लागतो. टायर रुंद, ते लवकर झिजणार. पोट बुटकं, ते प्रत्येक गतिरोधकाला घासणार. पेट्रोल पाण्यासारखं पिणार. ज्यांच्याकडे अशा गाड्या असतात त्यांचा एक मेकॅनिक असतो, ड्रायव्हर असतो आणि विम्याचे कागद बघणारा हिशेबनीसही असतो.

सचिनच्या फेरारीचं बिल भरायला फियाट कंपनी पुढे आली. आपल्या मुलाच्या गाडीचं बिल भरायला कोण पुढे येतं? मैत्रिणींनो, उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. आईच येते.

मी अनेक वर्षं बचत गटांचं काम करते. गटाच्या बैठकीत बायका कर्ज मागतात, तेव्हा कारण लिहून घ्यावं लागतं. पूर्वी बियाणं, खत, दवाखाना, मुलीचं लग्न अशी कारणं असायची. आता अधूनमधून 'घरखर्च' असं मोघम कारण येतं. जरा खोदून विचारलं की कळतं, मुलाच्या गाडीचा हप्ता थकलाय. २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे दीड हजार बायकांच्या खात्यात येऊ लागले. त्यातून कुणी शेळी घेतली, कुणी मुलीच्या शिकवणीची फी भरली. पण काही घरांत लाडक्या बहिणीचे पैसे थेट लाडक्या लेकाच्या पेट्रोलच्या टाकीत जातात. आणि ती माउली स्वतः मात्र नाशिकला दवाखान्यात जायचं झालं तर अर्ध्या तिकिटात एसटीने जाते, उभ्याने!

चला, एकदा वही घेऊन बसू. गाडी रस्त्यावर येईपर्यंत दोन लाख रुपये धरा. पन्नास हजार रोख आणि दीड लाख कर्ज, तीन वर्षांसाठी. शोरूमवाला सांगतो, "मावशी, व्याज फक्त दहा टक्के." ऐकायला बरं वाटतं. पण हे दहा टक्के बहुतेक वेळा 'फ्लॅट' असतात. म्हणजे पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज पूर्ण दीड लाखावर. तीन वर्षांचं व्याज पंचेचाळीस हजार आणि हप्ता साधारण ५,४०० रुपये. आता आपल्या गटात आपण काय करतो? मुद्दल जसं फिटेल तसं उरलेल्या रकमेवर व्याज लावतो. त्या पद्धतीने मोजलं तर हेच दहा टक्के सुमारे अठरा टक्के होतात! शेकडा दीड रुपया महिना. ही भाषा गटातल्या कुठल्याही बाईला कळते. म्हणून शोरूममध्ये एकच प्रश्न विचारायचा, "व्याज फ्लॅट की घटत्या शिलकीवर?" विचारणारी बाई निरक्षर असली तरी चालेल, समोरचा नीट बसतो.

हप्ता झाला. आता पेट्रोल. स्पोर्ट्स बाइक लिटरला पस्तीस-चाळीस किलोमीटर देते. साधी शंभर सीसीची गाडी साठच्या पुढे जाते. महिन्याला हजार किलोमीटर फिरणं झालं आणि लिटरला शंभर रुपये धरले, तर एकीला अडीच हजार लागतात, दुसरीला साडेसोळाशे. आपल्या सीमेवरची मंडळी गुजरातमध्ये जाऊन टाकी भरतात, कारण तिथे पेट्रोल स्वस्त पडतं. पण स्वस्त पेट्रोलसाठी मुद्दाम वीस किलोमीटर जाऊन यायचं, म्हणजे वाचलेलं वाटेतच जाळायचं.

पुढे देखभाल. साध्या गाडीचं काम गावातला मिस्त्री झाडाखाली बसून करतो. या गाडीला नाशिकच लागतं. जाऊन-येऊन पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटर, वर दिवसाची मजुरी बुडते. मागचा टायर चार-पाच हजारांचा. चेन आणि तिची चक्रं बदलायची झाली तर आणखी तीन-चार हजार. आपल्या पावसात आणि खड्ड्यांत हे सगळं शहरापेक्षा लवकर येतं. आणि घाटात गाडी एकदा नुसती आडवी झाली, तर बाजूचं चकचकीत प्लास्टिक गेलंच म्हणून समजा. ते वेल्डिंगने जोडता येत नाही.

वर विमा. दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा कायद्याने सक्तीचा आहे. २०१८ पासून नव्या दुचाकीला तो एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे दीडशे ते साडेतीनशे सीसीच्या गाडीला त्याचे ७,३६५ रुपये होतात, त्यावर कर वेगळा. पंचाहत्तर ते दीडशे सीसीच्या गाडीला ३,८५१. म्हणजे इंजिन मोठं झालं की विमाही दुपटीजवळ जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा आणि दरवर्षीचा.

सगळं मिळून महिन्याला नऊ हजारांच्या आसपास जातात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत रोज चारशे रुपये धरला, तर महिन्यातले बावीस-तेवीस दिवस ते पोरगं गाडीसाठी राबतं. उरलेले सात-आठ दिवस स्वतःसाठी. मग जेवण कुणाच्या घरचं? आणि तिकडे गाडीची किंमत उतरत असते. विम्याच्या हिशेबात दोन वर्षं उलटली की किंमत तीस टक्क्यांनी कमी धरतात, चार वर्षं उलटली की निम्मी. कर्ज मात्र एका रुपयानेही आपोआप कमी होत नाही.

पण पैशापेक्षाही मला काळजी वाटते ती सहीची. आमच्या ओळखीतल्या एका ताईंचं सांगते, नाव-गाव नको. मुलगा एकोणीस वर्षांचा, कामधंदा हंगामी. त्याच्या नावावर कर्ज मिळेना. दुकानातला माणूस म्हणाला, "आईच्या नावावर करू, सही नुसती कागदापुरती." ताईंनी सही केली. गाडीही त्यांच्या नावावर आणि कर्जही. पावसाळ्यात काम थांबलं, तीन हप्ते चुकले आणि वसुलीचे फोन ताईंना यायला लागले. रात्री नऊला, दहाला. शेवटी गाडी विकली. आली ती रक्कम कर्ज फेडायलाही पुरली नाही. उरलेले पैसे ताईंनी गळ्यातली पोत मोडून भरले. ज्या बाईला सायकलसुद्धा चालवता येत नाही, ती दोन वर्षं स्पोर्ट्स बाइकची मालकीण होती!

म्हणून काही गोष्टी प्रत्येक बाईला माहीत असायलाच हव्यात. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं आहे. फोन आला तर वेळ लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा.

दुसरी गोष्ट. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक आणि गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. गाडी आईच्या नावावर असेल तर मालक कोण, हे वेगळं सांगायला नको. "आत्ता अकरावीला आहे, पण चालवतो फार छान" हे कौतुक कोर्टात चालत नाही.

तिसरी गोष्ट तर फारच थोड्या जणींना माहीत असते. विम्यासोबत मालकासाठी पंधरा लाखांचं अपघाती संरक्षण असतं. पण ते मालक स्वतः गाडी चालवत असेल आणि त्याच्याकडे परवाना असेल, तेव्हाचं. गाडी आईच्या नावावर आणि चालवतो मुलगा. उद्या देव न करो, पण काही झालं, तर त्या पंधरा लाखांतला एक रुपया मिळत नाही. आईला परवाना नाही आणि मुलगा मालक नाही. म्हणून जो चालवणार, त्याच्याच नावावर गाडी असू द्या. त्याचं वय आणि कमाई बसत नसेल, तर गाडी घ्यायची वेळ अजून आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

'देव न करो' म्हटलं खरं, पण आकडे बघा. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. शर्यतीच्या गाड्या ज्या ट्रॅकवर पळतात, तिथे समोरून ऊस भरलेली ट्रॉली येत नाही, मध्येच म्हैस बसलेली नसते आणि बाजूला रुग्णवाहिका तयार असते. आपल्या घाटात यातलं काय आहे? म्हणून गाडी कुठलीही असो, हिशेबाच्या वहीत पहिली ओळ हेल्मेटची लिहा, आणि ते आयएसआय शिक्क्याचंच घ्या.

कुणी म्हणेल, ही बाई पोरांच्या हौसेवर उठली आहे. तसं अजिबात नाही. तरण्या वयात वेगाची ओढ असणारच. नांगर धरणाऱ्या हातांनाही चकचकीत काही हवंसं वाटतं. शहरातल्या पोरांनी मिरवावं आणि आदिवासी भागातल्या पोरांनी नुसतं बघावं, असं मी कधीच म्हणणार नाही. उलट गाडीशिवाय आपल्याकडे चालतही नाही. २०२२ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी रस्ते, पाणी, दवाखाना मिळत नाही म्हणून गुजरातेत जायची मागणी केली होती, ती उगीच नाही. रात्री बाळंतिणीला न्यायला दारातली मोटारसायकलच धावते. पण त्या कामाला साधी गाडी पुरते, आणि तिच्यावर मागे माणूस नीट बसूही शकतो!

माझं म्हणणं एवढंच, की ज्याची हौस त्याने तिचं मोल द्यावं. आणि घरातल्या बाईला ते मोल आधी कळावं, हप्ता थकल्यावर नव्हे. मुलाने गाडीचा विषय काढला की ओरडू नका, रडू नका. वही काढा. हप्ता, पेट्रोल, देखभाल, टायर, विमा, हेल्मेट असे रकाने त्यालाच आखायला सांगा. मग म्हणा, "बाळा, सहा महिने ही रक्कम महिन्याच्या महिन्याला बँकेत टाकून दाखव." ज्याला जमेल त्याच्याजवळ सहा महिन्यांनी पन्नास हजार रोख असतील, तो रोखीने पहिला भरणा करेल आणि गाडीही जपून चालवेल. ज्याला जमणार नाही, त्याला आपलं उत्तर कुणी न सांगताच मिळेल.

आणि कागद पुढे आला, तर वाचल्याशिवाय, निदान कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय, सही किंवा अंगठा नाही. "घरी नेऊन वाचते आणि उद्या देते" असं म्हणायला पैसे पडत नाहीत. उद्यापर्यंत थांबायला जो तयार नसेल, त्याच्याकडून तर गाडी मुळीच घेऊ नये.