आधी संख्या, मग आकडे

हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत अहोरात्र जे काम चालते, ते अखेर शून्य आणि एक या दोन अंकांवर उभे आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान वसविण्यास आरंभ केला आणि मुळशी तालुक्यातील या शेतकरी गावाचे रूप पाव शतकात ओळखू न येण्याइतके पालटले. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड आजही निघते. परंतु बगाडाभोवतीचे गाव आता निराळे आहे. गणितावर पोट भरणाऱ्या अशा या गावात तीन ते आठ वर्षांचे मूल मोजायला कसे शिकते, हा प्रश्न काहींना क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

हिंजवडी, माण, मारुंजी या पट्ट्यात आज दोन बालपणे शेजारी शेजारी नांदत आहेत. एक उंच संकुलांतले. तेथील तीन वर्षांचे मूल इंग्रजीतून शंभरपर्यंत आकडे धडाधड म्हणून दाखविते; चौथ्या वर्षी त्याच्या वहीत बेरजा येतात आणि पाचव्या वर्षी ते अबॅकसच्या वर्गाला जाऊ लागते. दुसरे बालपण त्याच संकुलांच्या पायाशी, बांधकामाच्या पत्र्याच्या खोल्यांत वाढते. मराठवाड्यातून, बिहारमधून, छत्तीसगडमधून आलेले त्याचे आईबाप इमारत पुरी झाली की दुसऱ्या कामावर जातात, आणि मुलाची शाळा, असलीच तर, मागे राहते. पहिल्याला आकडे फार लवकर मिळतात. दुसऱ्याला ते वेळेवर मिळत नाहीत. तरीही दोघांच्या वाट्याला न येणारी गोष्ट बहुधा एकच असते: एखाद्या मोठ्या माणसाने मुलाच्या भाषेत, त्याच्या हातातल्या वस्तूंविषयी, सावकाशपणे केलेले मोजमापाचे बोलणे. गणिताचा पाया याच बोलण्यात पडतो, आणि आपल्या धोरणांत व घरांत नेमका त्याचाच दुष्काळ आहे.

शासनाला या विषयाचे महत्त्व पटलेले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचन आणि प्राथमिक गणित आले पाहिजे, असे उद्दिष्ट ठेवले. वास्तव काय आहे? ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्क्यांनाच वजाबाकी करता येत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.९ टक्के होते. म्हणजे सुधारणा आहे. तथापि तीनपैकी दोन मुले अजून उंबरठ्याबाहेरच आहेत. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण सहाव्या वर्षापासून सुरू होते. पाया जेथे पडतो, ती तीन ते सहा ही वर्षे त्या हक्काच्या बाहेर राहिली आहेत.

ही वर्षे किती मोलाची असतात, याचा पुरावा बाहेरच्या जगातही आहे. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथील सहा दीर्घकालीन पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेत पाऊल ठेवताना मुलाला असलेली संख्येची समज ही त्याच्या पुढील शालेय यशाची सर्वांत बळकट खूण ठरते, असे त्यात आढळले.

पण समज म्हणजे काय? शंभरपर्यंत आकडे म्हणणारे मूल मोजू शकतेच, असे नाही. त्याच्यापुढे मूठभर चिंचोके ठेवून ‘यांतले पाच दे’ म्हटले, तर ते पुष्कळदा मूठच पुढे करते. एकेका वस्तूला एकेक शब्द लावणे, कोणतीही वस्तू न वगळणे वा दोनदा न धरणे, आणि शेवटचा उच्चारलेला शब्द हा त्या सगळ्या समूहाचा आकार आहे हे ओळखणे, एवढे सारे जमते तेव्हा ‘पाच’ ही संख्या मुलाची होते. जिनिव्हाच्या झां पियाजे यांनी तर असे दाखविले की तेवढ्याच गोट्या अंतर ठेवून मांडल्या की लहान मुलाला त्या जास्त वाटू लागतात. घोकंपट्टीने ही समजूत दुरुस्त होत नाही. ती हाताळल्याने आणि त्याविषयी बोलल्याने होते.

जुन्या मराठी घरात या बोलण्याला वेगळा वेळ काढावा लागत नसे. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, ही दुपटीची आणि निम्म्याची शिडी मूल डोळ्यांनी पाहत असे. सागरगोटे, कवड्या, सारीपाट यांतून मोजणे अंगवळणी पडे. अर्थात त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी, औटकी छडीच्या धाकाने पाठ होत, आणि त्या शाळेचे दार मुलींना व बहुजनांच्या बहुतेक मुलांना बंदच होते. पायली गेली, याचे दुःख करीत बसण्यात अर्थ नाही. परंतु तिच्यासोबत मुलासमोर उघड्यावर चालणारे मोजमापही गेले. आता वाणसामान पिशवीबंद येते, पैसे मोबाइलवरून परस्पर जातात आणि सुटे परत घेण्याचा प्रसंगच घरात उरत नाही. मुलाच्या दृष्टीने घरातला हिशेब अदृश्य झाला आहे.

दुसरी अडचण भाषेची आहे. मराठीत एक ते शंभर म्हणण्यासाठी जवळजवळ शंभर निरनिराळे शब्द लक्षात ठेवावे लागतात. बावन्न म्हणताना आधी दोन येतात, लिहिताना आधी पाच. म्हणून बावन्नाऐवजी पंचवीस लिहिणारे मूल प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे असते. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, ही तर चक्क वजाबाकी. कन्नड किंवा तेलुगू मूल मात्र ‘इप्पत्तोंदु’ वा ‘इरवै ओकटि’ म्हणताना वीस आधी आणि एक मागून म्हणते. त्याचे बोलणे आणि लिहिणे एकाच दिशेने चालते. हिंजवडीत हा भेद केवळ भाषाशास्त्राचा राहत नाही. येथे एकाच वर्गात तेलुगू घरचे, हिंदी घरचे आणि मराठी घरचे मूल इंग्रजी आकड्यांसमोर बसते, आणि यांपैकी कोणाच्या डोक्यात संख्या कोणत्या क्रमाने उभी आहे, याची चौकशी क्वचितच होते.

या अडचणीवर २०१९ मध्ये बालभारतीने एक उपाय सुचविला होता. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन दिले गेले. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू शांतपणे मांडली: जोडाक्षरांच्या संख्यानामांनी मुले बिचकतात, दक्षिणेतील भाषांत अशीच रीत आहे, आणि जुनी नावे कोणी काढून टाकलेली नाहीत. त्यावर विधिमंडळापासून चावडीपर्यंत थट्टेचा पूर उसळला. मराठी भाषेचा अपमान झाला, असेही सांगितले गेले. डॉ. नारळीकर २०२३ मध्ये निवर्तल्या. त्यांचा प्रश्न मात्र अद्याप जागेवरच आहे. संख्यानामे हा भाषेचा ठेवा आहे, हे मान्य. पंचवीस आणि पंच्याहत्तर या शब्दांना मुकणारा मराठी माणूस दरिद्रीच होईल. परंतु ‘वीस पाच’ ही पंचवीसपर्यंत चढण्याची पायरी आहे. पायरीने जिना मोडत नाही. दोन दशक आणि पाच सुटे हे मुलाला आधी कळले, तर पंचवीस हा शब्द त्याला अर्थासह मिळेल. त्या वादात सर्वांनी भाषेची बाजू घेतली. सहा वर्षांच्या मुलाची बाजू फार थोड्यांनी घेतली.

मग मुलांना नुसते खेळू द्यावे, आकड्यांची घाई नको, असे म्हणणारा एक सुज्ञ वर्ग आहे. त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. दिल्लीतील बालवाड्यांत संख्येच्या खेळांचा एक मोठा प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. खेळांमुळे मुलांची प्रमाणाची उपजत जाण वाढली आणि टिकली. परंतु शाळेच्या अंकगणितात त्यांना त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास मांडला. ही मुले भाजीचा भाव आणि परत द्यायचे पैसे तोंडी अचूक सांगत. त्याच जातीचे गणित कागदावर आले की अडत. उलट, शाळेत शिकणाऱ्या मुलांना कागदावरचे येई, पण बाजारातले जमत नसे. वस्तूंचे गणित आणि चिन्हांचे गणित हे दोन काठ आहेत आणि त्यांच्यामधला पूल आपोआप बांधला जात नाही, हाच याचा अर्थ. तो कोणीतरी शब्दांनी बांधावा लागतो.

हा पूल बांधणे खर्चाचे नाही. अमेरिकेत सीगलर आणि रमानी यांनी गरीब घरांतील चार-पाच वर्षांच्या मुलांना एक ते दहा अंकांची सरळ पट्टी देऊन दोन आठवड्यांत एकूण सुमारे तासभर खेळविले. घर पुढे सरकविताना त्या घरातील अंक मोठ्याने म्हणायचा, एवढाच नियम. त्यांची संख्येची समज लक्षणीय सुधारली. हा अहवाल २००८ चा. आपल्याकडे यासाठी परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला महागड्या साधनांची मिजास सोडून परिसरातल्या बिया, पाने, शंखशिंपल्यांवर बालशिक्षण उभे केले, तेही ज्यांच्या घरी अक्षराचा गंध नव्हता अशा आदिवासी मुलांसाठी. अंगणात भरणारी शाळा ही कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली. आज राज्यात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. परंतु तेथील सेविकेचा दिवस आहारवाटप, वजने, लसीकरणाची मदत आणि नोंदी यांतच सरतो. शिकविणे हे तिच्या कामांच्या यादीत आहे. तिच्या दिवसात त्याला जागा नाही.

तेव्हा काय करावे? घरांनी सहाव्या वर्षाआधी वहीतल्या बेरजांचा हट्ट सोडावा आणि रोज दहा मिनिटे आपल्या भाषेत मोजावे: जिन्याच्या पायऱ्या, ताटातल्या पोळ्या, वाटीतले शेंगदाणे. किती आहेत, कोणाकडे जास्त, किती उरले, हे विचारावे आणि उत्तर चुकले तरी पुन्हा मोजू द्यावे. त्या वस्तूंशेजारी अंक लिहून ठेवावा, म्हणजे पुलाची पहिली फळी बसेल. मातृभाषेत कळलेली संख्या इंग्रजीत नेता येते. न कळलेली संख्या कोणत्याच भाषेत नेता येत नाही. शाळांनी पहिली-दुसरीत दोन्ही संख्यावाचने निर्भयपणे वापरावीत आणि मुलाच्या घरची मोजणी वर्गात ऐकून घ्यावी. शासनाने सेविकेच्या दिवसातला निदान एक तास नोंदवह्यांपासून मोकळा करून मुलांना द्यावा.

बांधकामावरच्या मुलांचे काय? पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथे राबतात तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली हवी, असे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने सांगितले होते. पुढे आलेल्या श्रम संहितेतही पाळणाघराची तरतूद आहे. १९८८ मध्ये मुंबईत स्थापन झालेली आणि नंतर पुण्यात आलेली ‘डोअर स्टेप स्कूल’ ही संस्था बांधकामांवर वर्ग भरवून हे काम शक्य आहे, हे दाखवीत आली आहे. इमारतीला परवानगी देणाऱ्या प्राधिकरणाने अग्निशमनाची व्यवस्था जशी तपासावी, तशीच ही खोली आणि तीत शिकविणारी बाई आहे की नाही, हेही तपासावे. एका सेवाभावी संस्थेच्या खांद्यावर समाजाने आपले कर्तव्य टाकून मोकळे होणे बरे नव्हे.

ज्या हातांनी हिंजवडीच्या इमारती उभ्या केल्या, त्या हातांच्या मुलांनी उद्या त्या इमारतींत काम करावे, असे आपण व्यासपीठांवरून नेहमी म्हणतो. त्या वाटेवरची पहिली पायरी संगणकाच्या वर्गात लागत नाही. चार वर्षांच्या मुलापुढे पाच चिंचोके मांडून त्याच्याशी बोलणारे कोणी आहे की नाही, यावर ती अवलंबून आहे. हिंजवडीत आज त्या मुलाकडे लक्ष द्यायलाच कोणाला सवड नाही, आणि ती काढणे पालकांपासून शासनापर्यंत कोणालाही अशक्य नाही.