मनगटाचा हिशेब

महाविद्यालयात अथवा कचेरीत संगणक घ्यावयाचे ठरले की यंत्राची गती, स्मरणक्षमता, पडद्याचा आकार यांवर खरेदी समितीत बरीच चर्चा झडते. माउसचा विषय मात्र कोणी काढीत नाही. विक्रेता जो ‘सोबत’ देईल तो निमूटपणे स्वीकारला जातो. वस्तुतः परीक्षेचे गुण भरणारा प्राध्यापक काय किंवा प्रवेशअर्ज तपासणारा लिपिक काय, त्याचा हात तासन्‌तास विसावतो तो याच क्षुद्र मानलेल्या वस्तूवर. (मूषकाची उपेक्षा आपल्याकडे व्हावी, हे जरा नवलच!)

या वस्तूचा जन्म मात्र उपेक्षेत झाला नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माउस घडविला. तो होता लाकडी खोक्याचा, खाली दोन चाके आणि वर एक बटण असलेला. प्रकाशलेखणी, दांडा, इतकेच नव्हे तर गुडघ्याने चालवावयाचे साधन, अशा अनेक प्रतिस्पर्ध्यांशी त्याची तुलना करण्यात आली, तीही प्रत्यक्ष माणसांना कामाला बसवून. सरावलेल्या हातांनी माउसच्या बाजूने कौल दिला. आपल्या खरेदीपद्धतीत हाताची ही साक्षच काढली जात नाही.

याचे कारण अर्थशास्त्राला अपरिचित नाही. जॉर्ज अकर्लोफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाचा खरा दर्जा ग्राहकाला कळत नसेल तर निकृष्ट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. माउसच्या बटणाखालची कळ किती टिकेल, हे डबीवरून दिसत नाही. मग उरते ती केवळ किंमत, किंवा जाहिरातीतला आकडा. ‘इंचाला दहा हजार ठिपके’ ही अशीच एक भूल. साध्या पडद्याची रुंदी १९२० ठिपक्यांची असते. इंचाला एक हजार ठिपके मोजणारा माउस दोन इंचांहून कमी सरकवला तरी बाण या टोकाहून त्या टोकाला पोहोचतो. कारकुनी कामाला याहून अधिक काय हवे?

हवे आहे ते निराळेच. तळवा त्यावर अलगद टेकावा, बोटे आकसू नयेत, मनगट वर वाकू नये, बटण दाबण्यास जोर पडू नये. एकाच मेजावर अनेकजण आळीपाळीने बसत असतील तर दोन्ही बाजू सारख्या असलेला माउस घ्यावा. डावखुऱ्यांना तो चालतो, बटणांची अदलाबदल संगणकातच करता येते. बिनतारी माउस घरी सोयीचा असेल. सार्वजनिक कचेरीत त्याची बॅटरी संपते आणि नखाएवढा ग्राहक तुकडा हरवतो. तेथे तारेचाच बरा.

यावर खर्चाची सबब पुढे केली जाईल. दोन माउसच्या किमतींत ३०० रुपयांचा फरक आहे असे समजू. वर्षाचे २५० दिवस, तीन वर्षे वापर धरला तर हा फरक पडतो दिवसाला ४० पैसे! निम्नतम दराच्या निविदेत हे ४० पैसे वाचतात. दुखऱ्या मनगटाने रेंगाळलेले काम मात्र कोणत्याच खात्यावर पडत नाही. तेव्हा निविदेच्या अटींत आकार व हमीची मुदत स्पष्ट लिहावी, आणि मागणीपत्रावर सही होण्यापूर्वी नमुन्याचे दोन-तीन माउस त्या लिपिकाच्या मेजावर एक दिवस ठेवावेत.