चाळिशीत सायकल शर्यत: बीडमध्ये सुरुवात करण्याआधी काय तपासावे?

जानेवारी २०२६ मध्ये, १९ ते २३ तारखेदरम्यान, पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. देशोदेशीच्या सायकलपटूंनी पाच दिवसांत सुमारे ४३७ किलोमीटर अंतर कापले. ती पाहून महाराष्ट्रात अनेकांच्या मनात एकच प्रश्न आला असेल: या वयात मलाही जमेल का?

बहुतेकांसाठी उत्तर ‘हो’ असे आहे. पण एक फरक लक्षात घ्या. अशा शर्यतीत खेळाडूंसाठी रस्ता मोकळा ठेवलेला असतो आणि मागे डॉक्टर व रुग्णवाहिका असते. तुम्ही पहाटे बीडहून मांजरसुंब्याच्या घाटाकडे एकटे निघता, तेव्हा यातले काहीच नसते. जी काळजी तिथे आयोजक घेतात, ती इथे तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना घ्यायची आहे. ती तीन गोष्टींची आहे: हृदय, ऊन आणि रस्ता.

उशीर झाला आहे का?

नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यानंतर स्पर्धात्मक धावण्याकडे वळले आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्णपदक मिळवले. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू, एक भूलतज्ज्ञ आणि दुसरे दंतवैद्य. त्यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ही उदाहरणे असामान्य आहेत, पण त्यातला धडा सर्वांना लागू आहे. वय झाल्यावर सुरुवात करता येते, मात्र शिस्तबद्ध तयारीशिवाय नाही.

आधी हृदय

पस्तिशीनंतर व्यायाम करताना अचानक मृत्यू झाल्यास त्यामागे बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा असतो. म्हणून व्यायाम टाळायचा का? मुळीच नाही. नियमित व्यायामाने हा धोका कमी होतो. धोका असतो तो वर्षानुवर्षे बसून काढल्यावर एकदम जोर लावण्यात.

तुम्हाला कोणताही आजार नसेल आणि त्रासही नसेल, तर सपाट रस्त्यावर हळू सायकल चालवायला आजही हरकत नाही. पुढील गोष्टी असतील, तर घाट चढण्याआधी किंवा शर्यतीत उतरण्याआधी डॉक्टरांना भेटा:

- मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार
- तंबाखू किंवा धूम्रपान
- आई-वडील किंवा भावंडांना कमी वयात हृदयविकार
- चालताना छातीत दाब, चक्कर, धडधड किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप

झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, असे नाही. स्ट्रेस टेस्ट हवी का, ते डॉक्टर तुमची लक्षणे आणि जोखीम पाहून ठरवतील.

औषधांबद्दलही विचारा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर लांब सायकलिंगमध्ये आणि नंतरही साखर खाली जाऊ शकते. निघण्याआधी साखर तपासा आणि खिशात ग्लुकोज ठेवा. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांमुळे नाडी मुळातच कमी राहते, त्यामुळे घड्याळातील नाडीच्या आकड्यावर जाऊ नका. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी उन्हात अंगातले पाणी आणखी कमी होते. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

पहिले वर्ष कसे असावे?

शर्यत ही शेवटची पायरी. पहिले दोन-तीन महिने आठवड्यातून तीन-चार दिवस अशा वेगाने चालवा, की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. आधी तिथवर पोहोचा. मग अंतर थोडे थोडे वाढवा, आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवा.

सायकल महाग असण्यापेक्षा मापाची असणे महत्त्वाचे. सीटवर बसून टाच खाली गेलेल्या पेडलवर ठेवल्यास पाय जवळजवळ सरळ व्हावा. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखते. जड गिअर रेटण्याऐवजी हलक्या गिअरमध्ये पाय जलद फिरवा. हाताची बोटे किंवा सीटवर टेकणारा भाग वारंवार बधिर होत असेल, तर बसण्याची ठेवण बदलायला हवी.

पुढचा टप्पा म्हणजे ब्रेव्हे. यात २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असते. ही शर्यत नसते, नंबर काढले जात नाहीत. दिवसभर सायकलवर राहणे आणि वेळेवर खाणे-पिणे इथे शिकता येते. खऱ्या शर्यतीत आणखी एक कौशल्य लागते. पुढच्याच्या चाकामागे, हातभर अंतरावर, घोळक्यात सायकल चालवावी लागते. अनुभवी सायकलपटूंच्या गटात हा सराव केल्याशिवाय शर्यतीत उतरू नका. एक पडला की मागचे चार पडतात.

ऊन आणि उसाच्या ट्रॉल्या

बीडमध्ये एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, तोवर वेळ आणि वेग दोन्ही कमी ठेवा. उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी घरी या. तहानेनुसार पाणी प्या, लांब अंतरासाठी ओआरएस सोबत ठेवा. तहान नसताना लिटरवर लिटर साधे पाणी पिणेही घातक ठरू शकते, रक्तातील सोडियम घटते.

हिवाळा सायकलिंगसाठी उत्तम वाटतो, पण तोच उसाच्या गाळपाचा हंगाम असतो. अंधारात टेललाइट किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून उन्हाळ्यातली पहाटेची सवय हिवाळ्यात बदला आणि उजाडल्यावरच निघा. धुळे-सोलापूर महामार्गावर जोराचा सराव टाळा, कमी रहदारीचे रस्ते निवडा. चढावर जोर लावा, उतारावर नाही. हेल्मेट, मागे लाल दिवा आणि भडक रंगाचा शर्ट प्रत्येक वेळी हवा. कानात इअरफोन नको.

घरच्यांसाठी

सायकल घेऊन निघालेला माणूस कोणत्या रस्त्याने जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी माहीत असावे. त्याच्या खिशात रक्तगट, आजार, औषधे आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

पुढील वेळी थांबू नका, १०८ ला फोन करा:

- छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम. ‘पित्त असेल’ म्हणून वाट पाहू नका.
- उन्हात असंबद्ध बोलणे, तोल जाणे, शुद्ध हरपणे. हा उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.
- पडल्यानंतर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा घडलेले न आठवणे, हेल्मेट फुटलेले नसले तरीही.

पडल्यावर खांद्याजवळ सूज आली आणि हात उचलता येत नसेल, तर गळपट्टीच्या हाडाचा एक्स-रे काढा. जखमेसाठी धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का, तेही विचारा.

ताप, जुलाब किंवा अपुरी झोप असेल, तर त्या दिवशी सायकल घरीच राहू द्या. शर्यतीची फी भरलेली असली तरी हाच नियम.