पोटातला जंतू जात पाहत नाही

पोटदुखीची तक्रार घेऊन ओपीडीत येणाऱ्या मुलांमध्ये तांड्यावरची, ऊसतोड कुटुंबांतली आणि जालन्याच्या पोलाद कारखान्यांत आलेल्या परप्रांतीय मजुरांची मुले बरीच असतात. ‘या लोकांच्या मुलांच्या पोटात जंतू असायचेच,’ असे कोणीतरी सहज बोलून जाते. त्यातले ‘या लोकांच्या’ हे शब्द तपासून पाहायला हवेत.

जठरात राहणाऱ्या एका जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्याचा व्रणांशी असलेला संबंध दाखवला. त्यासाठी २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. लागण बहुधा बालपणीच होते आणि उपचार न केल्यास सहसा जन्मभर राहते. बहुतेकांना काही त्रास होत नाही. काहींना पुढे व्रण आणि मोजक्यांना जठराचा कर्करोग होतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या पाहणीत विशीपर्यंतच ८० टक्क्यांहून अधिक लोकांना लागण झालेली दिसली.

अमेरिकेतील पाहण्यांत कृष्णवर्णीय मुलांमध्ये लागण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त आढळली. मग हा वंशाचा दोष मानायचा का? जपानकडे पाहा. १९५० पूर्वी जन्मलेल्या तिथल्या बहुसंख्य लोकांना ही लागण होती. आजच्या मुलांत ती अगदी थोड्यांना आहे. दोन-तीन पिढ्यांत रक्त बदलत नाही. बदलले ते पाणी, शौचालय आणि घरातली दाटी.

हा जंतू मुख्यतः घरातल्या माणसांकडून, लाळ, उलटी किंवा विष्ठेवाटे मुलाच्या तोंडात जातो. काही ठिकाणी पाण्याचाही संबंध दिसतो. पेरूमधील लिमा शहरात १९९१ मध्ये सधन घरांतील मुलांची तुलना झाली. वस्तीच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यांपेक्षा पालिकेचे पाणी पिणाऱ्या मुलांत लागणीची शक्यता १२ पट होती. म्हणजे घरात पैसा असला, तरी पाणी दूषित असल्यास तो उपयोगी पडत नाही.

आता आपल्याकडे या. उन्हाळ्यात टँकरचे पाणी ड्रममध्ये भरायचे, त्यातच सगळ्यांचे हात बुडायचे. ऊसतोडीच्या कोपीत अख्खे कुटुंब दाटीने झोपते, शौचालय नसते. ‘हर घर जल’ची घोषणा २०१९ मध्ये झाली, २०२४ ची मुदत पुढे २०२८ पर्यंत गेली. नळजोडण्या मोजल्या जातात. पण नळाला पाणी किती दिवसांनी येते, हेही मोजायला हवे. आणि गावातल्या घरी नळ असला, तरी फडावर गेलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग?

पालकांनी घाबरू नये. मुलाच्या प्रत्येक पोटदुखीला या जंतूची तपासणी लागत नाही, आणि रक्ताच्या तपासणीवरून आताचा संसर्ग खात्रीने कळत नाही. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, घटणारे वजन किंवा झोपेतून उठवणारे दुखणे असेल, तर मात्र लगेच दवाखाना गाठा. मनाने अँटिबायोटिक देऊ नका. अर्धवट उपचाराने जंतू औषधाला दाद देईनासा होतो. पाण्याला झाकण आणि ओगराळे ठेवा. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवा.

आणि आम्ही डॉक्टरांनी ‘कोणत्या समाजाचा?’ असा अंदाज बांधण्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत: पाणी कुठले पिता? एका खोलीत किती जण झोपता?